जानेवारीचा हीटर, मे महिन्याचा घाट

धाराशिव जिल्ह्यात गाडीचा हीटर चालत नाही अशी तक्रार घेऊन सहसा कोणी गॅरेजची पायरी चढत नाही. एसी थंड करेनासा झाला तर माणूस दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकच्या दारात असतो. हीटर गेला तर तो गेल्याचे कळायलाच दोन-तीन हिवाळे जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या मुलखात यात नवल नाही. तरीही जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, जिप्सी वापरणाऱ्यांनी या दुर्लक्षित भागाकडे बघितले पाहिजे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण थंडी नाही. हीटर हा इंजिनाच्या कूलिंगची तब्येत सांगणारा फुकटचा तपासनीस आहे. जानेवारीच्या पहाटे अर्धा तास चालूनही गाडी कोमट हवाच फेकत असेल, तर तीच गाडी मे महिन्यात सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना पाणी फेकण्याची शक्यता मोठी असते. शिवाय हीटर ज्या दोन सवयींमुळे निकामी होतो, त्याच सवयी इंजिनालाही खातात. एक म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे आणि दुसरी, गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे.

हीटरमध्ये उष्णता तयार करणारे असे काही नसतेच, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गाडी ओढायला लागतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर पडते. वॉटर पंप हे पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. त्यातला एक छोटा प्रवाह दोन नळ्यांनी डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या लहानशा जाळीत जाऊन परत येतो. या जाळीवरून ब्लोअरने हवा ढकलली की केबिनमध्ये ऊब येते. म्हणजे हीटरची जाळी हा एक धाकटा रेडिएटरच. गाडी गरम होऊ लागली की जुने ड्रायव्हर भर उन्हात काचा उघडून हीटर पूर्ण चालू करतात, तो वेडेपणा नसतो. इंजिनाची थोडी उष्णता ते केबिनवाटे बाहेर काढत असतात. फरक आकाराचा आहे. मोठ्या रेडिएटरला पुष्कळ नळ्या असतात. त्यातल्या काही बुजल्या तरी सपाट रस्त्यावर, थंड हवेत, दोन माणसे घेऊन चालताना काही जाणवत नाही. हीटरच्या जाळीतल्या वाटा अरुंद, प्रवाह कमी, आणि बऱ्याच गाड्यांत तिची जागा उंचावर असल्याने पाणी घटले की हवा तिथेच अडकते. त्यामुळे गाळ, क्षार, हवा, पंपाचा अशक्तपणा यांचा पहिला फटका हीटरला बसतो. रेडिएटरचे दुखणे मात्र घाटात, भरल्या गाडीने, दुपारी दोन वाजता उघडे पडते.

तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणावी, कारण डायरेक्ट इंजेक्शनची डिझेल इंजिने नुसती उभी ठेवली तर फारशी तापतच नाहीत आणि धडधाकट गाडीचा हीटरही मग कोमट वाटतो. युरोपातल्या कित्येक डिझेल गाड्यांना याच कारणासाठी जादा विजेचा हीटर बसवलेला असतो. त्यानंतर इंजिन बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपाव्यात. दोन्ही चांगल्या गरम असतील तर पाण्याचे काम चोख आहे. दोष ब्लोअरचा, फ्यूजचा किंवा गरम-थंड हवेची झडप फिरवणाऱ्या केबलचा. तो दुरुस्त केला नाही तरी इंजिनाचे काही बिघडत नाही. एक नळी गरम आणि दुसरी गारढोण असेल तर जाळी तुंबली आहे किंवा तिच्या वाटेवरचा व्हॉल्व उघडत नाही. दोन्ही नळ्या कोमट असतील तर इंजिनच तापत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणी तरी तो कधीच काढून टाकला आहे. इंजिन उभ्याउभ्या चालताना थंड हवा आणि रेस दिली की गरम, असा प्रकार असेल तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत. काचेच्या आतून तेलकट चिकट थर धरत असेल, गोडसर वास येत असेल, तर जाळीतून कुलंट झिरपते आहे. गार इंजिनाचे झाकण उघडून गाडी चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा, आणि तिथे मात्र घरगुती प्रयोग थांबवावेत. गरम इंजिनाचे झाकण कधीच उघडू नये, हे सांगायला नको. पण दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा हात भाजतोच, म्हणून सांगतो.

आता पाण्याकडे. धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावर, काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेला आहे आणि इथल्या मातीत चुन्याचे खडे जागोजाग सापडतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानात चुनखडी वेचतात, ते याच भूमीचे देणे. हाच चुना भूजलात उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला जातो. माणसाला चालणारे हे पाणी रेडिएटरला का चालू नये, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर साध्या गणितात आहे. 600 मिलिग्रॅमचे पाणी एकदाच दहा लिटर भरले तर त्यात सगळा मिळून 6 ग्रॅम क्षार येतो. त्याने काही आभाळ कोसळत नाही. पण गळकी गाडी रोज एक लिटर पाणी पिते. वर्षातले 300 दिवस असे पाणी घातले तर 180 ग्रॅम क्षार इंजिनात गेला. त्यातला सगळाच बसत नाही, काही विरघळलेला राहतो आणि काही गळतीबरोबर बाहेर जातो. अर्धा जरी बसला तरी 90 ग्रॅम पांढरा थर अशा ठिकाणी जमतो जिथे पाणी सर्वांत जास्त तापते, म्हणजे नेमका हेडमधल्या अरुंद वाटांमध्ये. पाणी तापवायच्या कॉइलवर महिन्याभरात जी पांढरी खपली धरते, तीच ही. तिची उष्णता वाहून नेण्याची क्षमता लोखंडाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी आणि तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणजे इंजिनाच्या आत आपण स्वतःच्या हाताने घोंगडी पांघरतो आणि मग ते घामाघूम का होते याचा शोध बाहेर घेत बसतो.

यावर जाणकार ड्रायव्हर म्हणतील की पाणी हे कुलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, तेव्हा उष्ण प्रदेशात पाणीच बरे. यातले अर्धे खरे आहे. ग्लायकॉल मिसळलेले मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षा थोडी कमी उष्णता वाहते, हे मान्य केलेच पाहिजे. पण कुलंटची कामे आणखी दोन आहेत आणि ती आपल्याकडे जास्त मोलाची आहेत. पहिले काम उकळण्याचे. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास असलेल्या धाराशिव शहरात उघडे पाणी 98 अंशांनाच उकळते. अर्धे कुलंट मिसळले की हा आकडा सात-आठ अंशांनी वर सरकतो. त्यावर रेडिएटरचे झाकण चांगल्या स्थितीत असेल आणि आत नेहमीचा सुमारे 0.9 बारचा दाब धरून ठेवत असेल तर आणखी वीसेक अंशांची मोकळीक मिळते. झाकणाचे रबर कडक झालेली गाडी ही मोकळीक गमावून बसते. चारचाकीतल्या सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी हा एक, आणि सर्वांत कमी बदलला जाणाराही. दुसरे काम गंज रोखण्याचे. कास्ट आयर्नचा ब्लॉक, अॅल्युमिनियमची जाळी, पितळेचे जोड असे वेगवेगळे धातू एकाच खाऱ्या पाण्यात बसले की गंजाला वेग येतो आणि त्याचा तांबडा गाळ शेवटी हीटरच्याच अरुंद जाळीत जाऊन बसतो. म्हणून कुलंट हे बर्फाच्या देशातले औषध आहे, ही समजूत सोडायला हवी. ते घालताना त्यात बोअरचे नव्हे, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळावे. शेतावर, गोठ्याजवळ जुने कुलंट काढताना मात्र ते उघड्यावर सोडू नये. ते चवीला गोड लागते, जनावरे पितात, आणि ते विषारी असते.

थर्मोस्टॅटची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. हा मेणाच्या गोळीवर चालणारा छोटा व्हॉल्व. पाणी साधारण 80 ते 88 अंशांवर गेले की मेण वितळून फुगते, व्हॉल्व उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाते. तोपर्यंत ते इंजिनातच फिरत राहते, म्हणजे इंजिन लवकर तापते. 1930च्या दशकापासून ही रचना मोटारींत आहे आणि तिच्यात वीज नाही, सेन्सर नाही. तरीही गाडी गरम होते म्हटल्यावर कित्येक गॅरेजांत पहिला बळी तिचाच जातो. व्हॉल्व गेला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होते. पण काटा खाली आला म्हणून रोग गेला असे होत नाही. तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच असतो, ढिला फॅन बेल्ट ढिलाच असतो. हिवाळ्याच्या थंड हवेत ते झाकले जाते इतकेच. शिवाय काही इंजिनांत हाच व्हॉल्व उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करतो. तिथे तो काढला तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते, आणि घाटात गाडी आधीपेक्षाही जास्त तापते. थंड चालणारे इंजिनही सुखात नसते. डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, सरासरी घसरते, तेलात ओलावा धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतो. या सगळ्याची बाहेर दिसणारी एकच खूण असते, ती म्हणजे हीटर गरम होत नाही. ती खूण आपण वाचतच नाही.

व्हॉल्व काढण्याच्या बाजूने एक युक्तिवाद वजनदार आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन काही मिनिटांत उकळते आणि हेड वाकडे होऊ शकते. तो न उघडण्याचा धोका कशाला पत्करायचा? धोका खरा आहे. पण अडकणारे व्हॉल्व बहुतेक वेळा गंज आणि क्षार धरूनच अडकतात, म्हणजे गुन्हेगार पुन्हा पाणीच. आणि व्हॉल्व चांगला आहे की नाही हे तपासणे चहा करण्याइतके सोपे आहे: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधून सोडलेला व्हॉल्व, शेजारी थर्मामीटर. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडला आणि गार झाल्यावर पुरता मिटला तर बसवावा, नाहीतर नवा आणावा. दुसरा आक्षेप असा की या गाड्यांची इंजिने मुळात थंड देशांसाठी बनलेली, तिथली ही चैन इथे कशाला. महिंद्रच्या जुन्या जीपमधले एक प्रसिद्ध डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनत होते, हे खरे. पण थर्मोस्टॅट हवामान बघून बसवलेला नसतो. इंजिनाच्या आतले धातू ठरावीक तापमानाला नीट बसावेत अशा मापाने बनवलेले असतात, आणि ते तापमान लेहला जेवढे लागते तेवढेच उमरग्यालाही लागते. बाहेर जास्त तापले तर व्हॉल्व पूर्ण उघडतो. याहून अधिक मोकळी वाट त्याच्याकडून मागायची गरजच नसते.

हीटरची गरजच काय, हा आक्षेप तर सगळ्यांच्या तोंडी. इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कधीमधी दहा अंशांपर्यंत उतरतो. अंगात स्वेटर घालून भागते. ऊब हा मुद्दा सोडून देऊ. पण काचेचा मुद्दा सोडता येत नाही. थंडीच्या पहाटे ओल्या रानांवर धुके उतरते, पावसाळ्यात चार माणसांच्या श्वासाने काच आतून पांढरी होते, आणि जुन्या गाड्यांतल्या एसीचा गॅस बऱ्याचदा उडालेला असतो. ढोकी, रांजणी या भागांत गळीत हंगाम चालू असतो तेव्हा रात्री-पहाटे उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. अशा रस्त्यावर हाताच्या रुमालाने काच पुसत गाडी हाकणे म्हणजे नशिबावर हवाला. गरम कोरडी हवा काचेवर सोडली की धुरकटपणा काही मिनिटांत जातो. ही सोय गाडीत आधीच आहे, फक्त चालू स्थितीत हवी.

कापडी छताच्या जुन्या जीपला आणि काळ्या-पिवळ्या कमांडरला हीटर नसेल, तर त्यांचे काय? तिथे वरच्या मोठ्या होज पाइपवर लक्ष ठेवावे. गार इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटे तो गार राहिला आणि मग एकदम तापला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे, हे बेलाशक समजावे. ज्यांना हीटर आहे त्यांच्याही गाडीत जाळी गळू लागली की दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर बायपास करण्याची पद्धत आहे. अडचणीत वाटेवर केलेली ही सोय म्हणून ठीक. पण मग ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि धोक्याची पहिली सूचना देणारा भागच गाडीतून निघून जातो. मग भरवसा उरतो एकट्या काट्यावर, आणि काटाही फसवतो. पाणी इतके घटले की काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर पडला, तर इंजिन करपत असतानाही काटा शांत दिसू शकतो. चालू हीटरची गरम हवा अचानक थंड पडली तर मात्र शंका नको. पाणी संपलेले असण्याचीच शक्यता जास्त. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, आणि ते पुरते निवेपर्यंत त्यात बोअरचेच काय, कोणतेच पाणी ओतू नये. तापलेल्या हेडवर गार पाणी पडले की ते तडकते.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दूध, भाजी, शाळेची मुले वाहणाऱ्या माणसाला हजार रुपये म्हणजे हजार रुपयेच. थर्मोस्टॅट, झाकण, कुलंटचा कॅन आणि दोन नळ्या यांचा हिशेब जुन्या गाड्यांत साधारणपणे एका मोठ्या डिझेलच्या टाकीच्या आत बसतो. वाकलेले हेड घासून, गॅसकेट बदलून इंजिन पुन्हा उभे करायला त्याच्या कित्येक पट लागतात, आणि तेवढे दिवस गाडी बंद म्हणून जाणारी मजुरी वेगळी. एवढी जुनी गाडी मोडीतच का काढू नये, असे शहरातून सुचवले जाते. खासगी मोटारीच्या पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले, तरीही एमएच 25च्या जुन्या पाट्या रस्त्यावरून हटलेल्या नाहीत. कारण त्यांच्या जागी नवी गाडी घ्यायला लोकांकडे पैसे नाहीत. गाडी राहणारच असेल तर ती कमी धूर सोडणारी आणि घाटात अडकून न पडणारी असावी, एवढा आग्रह तरी धरता येतो.

म्हणून गाडीमालकांना विनंती एवढीच की ही तपासणी मार्गशीर्ष-पौषात करा, चैत्राची वाट पाहू नका. जानेवारीत गॅरेजवाल्याला सवड असते, जाळी उलट्या बाजूने हलक्या दाबाने धुऊन काढायला वेळ मिळतो, आणि सुटा भाग सोलापूर-लातूरहून यायला दोन दिवस लागले तरी काही अडत नाही. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या वाटेवर बॉनेट उघडून बसल्यावर यातले काहीच हाताशी नसते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांनी हिवाळ्यात गावोगावच्या गाड्यांचे हीटर, झाकण आणि थर्मोस्टॅट तपासून दिले तर त्यांना हातकामाचा सराव मिळेल आणि लोकांचाही फायदा होईल. संस्थांनी याचा विचार जरूर करावा. आणि गॅरेजमालकांनो, गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी थर्मोस्टॅट काढून हातात देऊ नका. त्या जागी नवा बसवा आणि बिलावर तसे लिहून द्या.